हात शिकवून झाले होते

शंभर ठिपके आहेत या कागदावर.
आडव्या रेषेवर प्रवेशपरीक्षेचे गुण,
उभ्या रेषेवर पहिल्या वर्षाचे.
सर म्हणाले, यातून एक रेघ निघायला हवी.
तीन रविवार झाले, अंबाजोगाईच्या या खोलीत
पंखा बंद ठेवून – कागद उडतात म्हणून –
मी ती रेघ शोधते आहे.
ठिपके कसले,
सुपातून जोंधळे सांडलेत.

सहाशे दहावाला सुयोग दोन विषयांत अडकला.
त्याच्याहून कितीतरी खालची निलोफर पहिली आली
आणि बक्षिसाच्या दिवशी तापाने झोपून होती.
फॉर्मॅलिनचा पहिला वास नाकात गेला
की पर्सेंटाइल कुणाचं कितीचं होतं
ज्याचं त्यालाही आठवत नाही.

एक ठिपका मात्र खाली, कोपऱ्यात, एकटा.
सत्त्याऐंशी.
हा गाळा, सर म्हणाले,
रेघ वाकडी होते याच्यामुळे.

सत्त्याऐंशी म्हणजे सुमेधा सोनकांबळे.
शेवटच्या फेरीतली शेवटची जागा.
आमच्या वेळापत्रकात माणूस खांद्यापासून सुरू होतो,
ती आली तेव्हा आम्ही गुडघ्यावर होतो.
हात शिकवून झाले होते.
टेबलावरच्या त्या म्हाताऱ्याचे दोन्ही हात
तोवर सुकून, चिंध्या होऊन
बादलीत गेले होते.

तिच्या लॉगबुकात हाताच्या चौकटी कोऱ्या.
तपासणी येतेय, भरून घ्या, म्हणाले.
मी भरल्या.
मागच्या तारखा घातल्या,
खाली सही केली. ती सही
अजून माझ्या हातात आहे.

परीक्षेत पहिलाच प्रश्न हाताचा, दहा गुणांचा.
तिने दोन ओळी लिहिल्या.
चार पर्याय दिले असते
तर चाळीस सेकंदांत बरोबर गोल काळा केला असता तिने,
दोन वर्षं तेच तर केलं होतं.
कोऱ्या पानावर पर्याय नसतात,
आणि इंग्रजीत अख्खं वाक्य लिही
असं तोवर तिला कुणीच म्हणालं नव्हतं.

लातूरला, ट्यूशनच्या गल्लीत,
तिची आई डबे करायची. दीडशे पोरांचे.
ही डब्यांवर नावं चिकटवायची
आणि पोरांनी टाकलेल्या सराव-पेपरांतून
उरलेले प्रश्न सोडवायची.
हे सगळं मला नंतर कळलं,
पुरवणी परीक्षेच्या आधी, एका संध्याकाळी,
कपाटातलं हाड परत करायला आली तेव्हा.
दारात घोटाळली.
"मॅडम, मायच्या हाताला रातच्याला मुंग्या येतात.
अंगठा, हे बोट, हे मधलं.
हात झटकला की जरा बरं वाटतं म्हणते.
भाकऱ्या थापून थापून झालं असंल.
पण करंगळीला काहीच नाही.
करंगळी कामून वाचली?"

अकरा वर्षं शिकवते आहे.
मज्जातंतूंची नावं सगळ्यांनी विचारली, त्यांच्या फांद्या विचारल्या,
परीक्षेला येईल का हे तर रोजच.
कोण वाचलं, असं कुणी विचारलं नव्हतं.

तक्त्यात याला रकाना नाही.
मी एक नवा केला, रुजू होण्याची तारीख,
आणि सरांना दाखवला.
मंजूर आराखड्यात हे बसत नाही, म्हणाले.
बरोबरच आहे त्यांचं.
सत्त्याऐंशी मी गाळला नाही.
रेघ राहू दे वाकडी.

त्या संध्याकाळी मात्र कोरा कागद सापडेना.
आलेखच उलटा केला,
पाठीवर मनगट काढलं,
मनगटात तो अरुंद बोगदा,
त्यातून दाटीवाटीने जाणारी एक पिवळी दोरी
अंगठ्याकडे, तर्जनीकडे, मधल्या बोटाकडे.
"आणि करंगळीची?"
तिची दोरी बोगद्यात शिरतच नाही गं,
बाहेरून जाते.

ती बराच वेळ बघत राहिली.
मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली
आणि बाहेरची वाट
स्वतःच गडद केली.